वाढत गेलेलं कलबूत

बूटदुरुस्तीच्या त्या अरुंद दुकानात काउंटरमागे जी किडकिडीत बाई बसते, तिला सगळी गल्ली टाचणी म्हणते. हे नाव कोणी पाडलं ते कोणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्याची नजर चांगली होती एवढं मात्र खरं. ती अंगानं टाचणी आणि बोलण्यानंही टाचणीच. पाय जमिनीला टेकेपर्यंत सोल झिजवून कोणी बूट दुरुस्तीला आणले, की ती बूट उलटा करून गिऱ्हाईकाच्या नाकासमोर धरते. "हे काय? बूट आणलेत की चाळण? अजून चार महिने थांबायचं होतं, नुसत्या नाड्या घेऊन यायचं." गिऱ्हाईक ओशाळतं, हसतं आणि बूट तिथंच ठेवून जातं, कारण तिच्यासारखी टाच बसवणारं आता जवळपास कोणी उरलेलं नाही. तिची पन्नाशी उलटली आहे. लग्न केलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं, तर "माप जुळलं नाही" एवढंच सांगते आणि हातोडी उचलते.

दुकानाच्या मागच्या बाजूला एकच खोली. दोन खाटा, एक टेबल, गॅसची शेगडी, आणि मागच्या गल्लीत उघडणारी खिडकी. गेल्या वसंतापर्यंत त्या खोलीत तिचे वडीलही राहत होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर बूट शिवत आलेले, आणि इतके कमी बोलणारे की बापलेकीत मिळून बोलण्याचं सगळं काम तिनं एकटीनंच अंगावर घेतलं होतं. हे सांगायचं ते त्याच वसंतातलं.

त्याची सुरुवात झाली डॉक्टरांकडे. वडिलांना जिना चढताना धाप लागायला लागली, म्हणून टाचणी त्यांना ओढूनच घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, आणि विचारलं, "आजोबा, तुमच्या वडिलांना हृदयाचा त्रास होता का? आईला? भावंडांपैकी कोणाला?"

"माहीत नाही," वडील म्हणाले.

"कशानं गेले ते?"

"विचारलं नाही." मग शर्टाची बटणं लावता लावता, डॉक्टरांकडे न बघता त्यांनी पुढं जोडलं, "आमचं घराणं माझ्यापासून सुरू होतं, असं समजा."

टाचणीला ते वाक्य घरी येईपर्यंत बोचत राहिलं. घराणं ह्यांच्यापासून सुरू होतं, आणि संपतं तिच्यापाशी. म्हणजे सगळं घराणं मिळून दोन खाटांवर मावतं. बरं, डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय फार थकलं आहे, काही महिने म्हणा, वर्षही म्हणा, सांगता येत नाही. ती दारातच हातपाय गाळून बसली असती, पण वडील बरोबर होते. तिनं तोंड घट्ट मिटलं आणि रस्ताभर नगरपालिकेला शिव्या देत त्यांना घरी आणलं.

आपल्या आजोबांविषयी तिला ठाऊक होतं ते फक्त इतकंच. हे दुकान त्यांचं. आजी मुलाला जन्म दिल्यावर दोन वर्षांत वारली. वडील मिसरूड फुटायच्या आत घर सोडून दूरच्या एका बुटांच्या कारखान्यात लागले आणि बापाशी पुन्हा बोलले नाहीत. बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा ते मयतालाही गेले नाहीत. कारखान्यात रजा मिळाली नाही, असं ते सांगत. रजा मागितलीच नव्हती, हे टाचणीला तिच्या आईनं मरायच्या आधी सांगितलं होतं. नंतर वडील आले, दुकान ताब्यात घेतलं, म्हाताऱ्याचं होतं नव्हतं ते पोत्यात भरून माळ्यावर फेकलं आणि त्या जागी स्वतःचं बस्तान मांडलं. भिंतीवर बापाचा फोटो नाही. कधी विषय निघाला तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले आणि टाचणी शिडी लावून माळ्यावर चढली. पोतं खेचताना तिचा जीव धुळीनं अर्धा झाला. आत लाकडी कलबुतं होती. पायाचा लाकडी साचा म्हणजे कलबूत. त्याच्यावर कातडं ताणून बूट शिवतात. जुने कारागीर प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाईकाचं कलबूत वेगळं ठेवत आणि त्यावर काही ना काही खूण करत. ह्या पोत्यातल्या प्रत्येकावर तशी खूण होती. एकाच जोडीवर नव्हती. ती जोडी तेलकट फडक्यात गुंडाळून चामड्याच्या वादीनं बांधलेली होती, आणि तिच्याबरोबर पत्र्याचे कापलेले नमुने होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. पट्टा आणि बक्कल असलेल्या बुटांचे. मुलीच्या बुटांचे.

जोडी हातात घेताच टाचणीला ती विचित्र वाटली. गिऱ्हाईकाचा पाय जरा सुजला, हाड वाढलं, तर कलबुतावर कातड्याची चकती ठोकून ते जाड करायचं, ही जुनीच रीत आहे. पण इथं चकत्यांवर चकत्या होत्या. टाचेला लाकडाचे तुकडे जोडलेले, चवड्याला कातड्याचे थर, बोटांपुढं पुन्हा थर. एवढा पाय वाढला की शहाणा कारागीर जुनं कलबूत चुलीत घालतो आणि नवं लाकूड कोरतो. ह्यानं कोरलं नव्हतं. दरवर्षी त्याच लाकडावर भर घालत गेला होता. हा वेडगळपणा कशासाठी, ते तिला कळेना, आणि टाचणीला एखादी गोष्ट कळली नाही की तिचे हात स्वस्थ बसत नाहीत. तिनं पक्कड घेतली आणि उजव्या पायाचं कलबूत सोलायला सुरुवात केली.

बारीक खिळे गंजलेले होते. एक थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली अजून एक. प्रत्येक थराचं कातडं वेगळं. शेवटी उरलं ते तिच्या तळहातावर मावलं. दोन वर्षांच्या पोराचा पाय, नीट कोरलेला, घासून गुळगुळीत केलेला.

"सोललंस?" खाली वडील उठून उभे होते. शिडीला धरून, धापा टाकत. "कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

"तुम्ही सांगत नाही म्हणून कोणाला तरी विचारायचं ना? ह्याला विचारत होते."

ती खाली उतरली आणि न सोललेलं डावं कलबूत तिनं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. करंगळीच्या जागी बाहेरच्या बाजूला कातड्याचा एक छोटा फुगवटा ठोकलेला होता. तिथं अंगठा थांबला.

"ही माझी करंगळी आहे," ते म्हणाले. "सात-आठ वर्षांचा असताना पायावर हातोडी पडली होती. तेव्हापासून वाकडी."

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते सलग बोलले. खाटेच्या कडेवर बसून, कलबूत मांडीवर धरून. दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी बाप त्यांना कागदावर उभं करायचा, पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारायचा, फीत लावायचा. मग बाजारातून आणलेल्या सगळ्यात चांगल्या कातड्याचे बूट त्या मापावर शिवायचा. पोरगा रोज बघायचा. ह्या वर्षी तरी आपलेच असतील म्हणून बघायचा. बूट तयार झाले की बाप ते डब्यात घालायचा, डबा बसवाल्याकडे द्यायचा, आणि पोराला मिळायचे ते लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेले बूट, सोल बदललेले. कोणाचे आहेत, विचारलं की एकच उत्तर, गिऱ्हाईकाचे.

"कुठंतरी त्याचं दुसरं घर होतं," वडील म्हणाले. "दुसरं पोर होतं. माप माझं आणि बूट त्याच्या पायात. एकदा मी पायच दिला नाही. तेराचा असेन. कागद लाथेनं उडवला आणि म्हटलं, ज्याचे बूट आहेत त्याचा पाय मोज. त्यानंतर त्यानं कधी माप घेतलं नाही, आणि मी कधी दिलं नाही."

"मारलं तुम्हाला?"

"नाही. तेच तर. कागद उचलला, घडी घातली आणि बाहेर गेला. अवाक्षर काढलं नाही."

टाचणीनं पत्र्याचे नमुने दाखवले. मुलीचे आहेत, म्हणाली. मुलगी तर मुलगी, ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. साठ-पासष्ट वर्षं जपलेला राग होता तो. पुरावा हातात आल्यावर माणूस तो सोडेल कशाला?

तिच्या लेखी मात्र सुरुवात झाली होती. कोणी मुलगी होती म्हणजे ती आपली आत्या होती. सख्खी की सावत्र, ते नंतर बघू. दोन खाटांच्या घराण्यात तिसरं माणूस निघत होतं, आणि वडिलांच्या हृदयाला किती दिवस उरले ते कोणी सांगत नव्हतं. तिनं दुकानाचं दार ओढून घेतलं, आणि ते बंद बघून शेजारचा न्हावी कात्री हातात घेऊनच बाहेर आला, कोणी गेलं की काय म्हणून.

डबा बसवाल्याकडे जायचा. डबा जायच्या शेवटच्या काही वर्षांत त्या बसवर असलेला कंडक्टर अजून होता. पंच्याऐंशीचा, कानानं अधू, बस डेपोमागच्या चाळवजा घरात सुनेच्या राज्यात राहणारा. टाचणीनं त्याचे बूट अनेकदा शिवले होते आणि अनेकदा त्याला झापलंही होतं. ती दारात दिसताच त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आज बूट बघायला नाही आले, काका. आजोबांचा डबा आठवतो का?"

म्हाताऱ्यानं सुनेला चहा टाकायला सांगून आत घालवलं.

"अठराचा होतो मी, नवाच लागलो होतो," तो म्हणाला. "शेवटच्या स्टॉपवर औषधाचं दुकान होतं. तिथं द्यायचा डबा. मला वाटायचं, गिऱ्हाईक असेल. एकदा दुकानदाराच्या जागी मुलगी उभी होती, दहा-एक वर्षांची. तिला बघून मी हबकलोच. तुझ्या बापाला रोज गल्लीत बघायचो ना मी. तोच चेहरा, फक्त वेण्या घातलेल्या."

टाचणीनं खुर्ची त्याच्या कानाजवळ ओढली.

"मग एका वर्षी डबा आलाच नाही. मी आपलं सहज विचारलं, मास्तर, यंदा डबा नाही? तर तुझे आजोबा म्हणाले, यंदा पाय मिळाला नाही. आणि बसच्या पायरीवर बसून रडायला लागले. दिवसाढवळ्या, माणसं चढत-उतरत होती. तेव्हा सांगितलं मला. जुळी होती ती दोघं. आई गेली. दोन वर्षांची दोन पोरं आणि दुकान, एकट्याला झेपेना. एकाला धरलं की दुसरं आगीत हात घालायचं. औषधवाल्यांना मूल नव्हतं. त्यांनी मुलगी मागितली. अट घातली, भेटायचं नाही, पोरांना सांगायचं नाही. बूट पाठवायची तेवढी परवानगी मागून घेतली ह्यांनी. द्यायच्या आदल्या दिवशी तिचा पाय मोजला आणि लाकूड कोरलं. पण पुढं पाय वाढणार, तो कसा कळणार? तर म्हणाले, जुळ्याचा पाय घरात आहेच की. ह्याचा वाढेल तसा तिचा वाढेल."

"मुलगीच का दिली?" टाचणीनं विचारलं.

"त्यांनी मागितली म्हणून. मुलगा मागितला असता तर तुझा बाप गेला असता."

चहा आला. तिनं तो घेतला नाही.

शेवटच्या स्टॉपवरचं औषधाचं दुकान अजून होतं. काउंटरवर एक मध्यमवयीन गृहस्थ चष्म्यावरून बघत होता. तिनं कोणाला भेटायचं ते सांगायच्या आतच तो थबकला, कारण टाचणीचा चेहराही त्याच साच्यातला. "आईकडे?" म्हणाला आणि जिन्याकडे बोट केलं.

आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पाय स्टुलावर, त्यांत ढगळ सपाता. चेहरा वडिलांचा, पण ह्या चेहऱ्यावर शब्द सांडत होते. टाचणीनं जेमतेम आपण कोण ते सांगितलं, आणि आत्यानं हात वर केला.

"मला माहीत आहे. लग्नाच्या वेळी आईनं सांगितलं होतं. जोडे शिवणाऱ्याची मी. मुलगा ठेवून घेतला, मुलगी देऊन टाकली. त्यानं पाठवलंय का तुला?"

"नाही. बाबांना माहीतच नाही. त्यांना वाटतं, आजोबांनी तुमचेच लाड केले. चांगले बूट तुम्हाला, ह्यांना लोकांचे टाकलेले."

आत्या हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "चांगले बूट! अगं, डबडी होती ती माझ्या पायात. दरवर्षी मोठे. पुढं कापूस कोंबायचा तेव्हा कुठं पाय थांबायचा. औषधाचं दुकान होतं म्हणून बरं, कापसाला तोटा नव्हता. शाळेत पोरी म्हणायच्या, आली बघा होडी. आणि डाव्या बुटाला करंगळीपाशी एक फुगवटा असायचा. रिकामाच. कशासाठी ते कधी कळलं नाही. मला वाटायचं, शिवणाऱ्याला डोळे नाहीत की काय?"

टाचणीनं पिशवीतून डावं कलबूत काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग हातोडीची गोष्ट सांगितली. एवढा मोठा कारागीर, पण मुलीसाठी माप घेताना मुलाची मोडलेली करंगळीही त्यानं जशीच्या तशी उचलली होती. तिचा वाढता पाय बघितलाच नव्हता त्यानं, तर वगळणार काय?

आत्या फुगवट्यावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "डब्याची वाट बघायचे मी, हे खोटं नाही सांगत. मोठे असू देत, होडी म्हणू देत, पण कोणीतरी पाठवतंय. मग एका वर्षी आलाच नाही. पुढच्याही वर्षी नाही. तेव्हा समजले, विसरले आपल्याला."

टाचणीला तेरा वर्षांचा मुलगा आणि लाथेनं उडवलेला कागद आठवला. एवढी तोंडाळ बाई, पण तिथं मूग गिळून बसली.

"चला ना माझ्याबरोबर," ती शेवटी म्हणाली. "बाबांची तब्येत बरी नाही. त्यांना प्रवास झेपणार नाही."

"नाही." आत्यानं कलबूत परत दिलं. "ज्या दारातून मला बाहेर काढलं त्या दारात मी आपणहून यायची नाही. तुझ्यावर राग नाही माझा, पोरी. पण पंचाहत्तरी उलटल्यावर आता भाऊ कशाला?"

बसमध्ये टाचणी रडली. तिच्या शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली, तरी ती थांबली नाही.

वडिलांना सांगणं जिवावर आलं होतं. सांगावं की नाही ह्यावर तिनं दोन दिवस काढले. थकलेल्या हृदयाच्या माणसाला असलं काही सांगतात का? पण न सांगता मरू द्यायचं, त्या रागासकट, हे तिला त्याहून वाईट वाटलं. तिनं सगळं सांगितलं. जुळी, अट, औषधाचं दुकान, कापूस, फुगवटा. वडील ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"बूट जायचे कधी बंद झाले?"

तिनं डावं कलबूत उचलून फडक्यात गुंडाळायला घेतलं, आणि त्यांना उत्तर मिळालं.

"मी पाय दिला नाही," ते म्हणाले. "म्हणून."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, बाबा? लहान होतात."

"मयताला तर लहान नव्हतो." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सांगायचं ना त्यानं. एकदा, मी ओरडलो तेव्हा तरी. एवढा कसला शब्दाचा पक्का!" मग ते बापाला शिव्या देऊ लागले, आणि शिव्या देता देता रडू लागले. टाचणी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. आपण सांगायला नको होतं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

सकाळी ते तिच्या आधी उठले होते. दुकानातल्या आपल्या जुन्या बाकावर बसून कातडं कापायच्या रापीला धार लावत होते. कित्येक महिन्यांत त्यांनी ती हातात धरली नव्हती.

"तिचं माप घेऊन ये," ते म्हणाले. "तिच्या पायाचं. दोन्ही पायांचं, वेगवेगळं. दुपारनंतर घे, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो."

"मला शिकवू नका," टाचणी म्हणाली आणि फीत उचलून निघाली.

आत्यानं तिला परत बघून कपाळाला हात लावला. पण टाचणी काही न बोलता जमिनीवर बसली, कागद पसरला आणि तिच्या सपाता काढल्या. पाय लहानसा होता, रुंद, घोट्यापाशी सुजलेला, बोटं सरळ. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाशी आली तशी आत्यानं पाय झटकन मागं घेतला.

"गुदगुल्या होतात गं!"

दोघी हसल्या. हसता हसता आत्याचे डोळे भरले. "माप घ्यायला आजवर कोणी आलंच नव्हतं," ती म्हणाली. "लहानपणी ते तसले, आणि पुढं दुकानातून तयार घेतले. कोणी असं खाली बसून..." तिनं पदरानं डोळे पुसले. दुसरा पाय स्वतःहून कागदावर ठेवला. निघताना म्हणाली, "त्याला म्हणावं, बूट झाले की कळव. पायात घालून बघायला माणसाला दुकानात जावंच लागतं, त्याला काही इलाज नाही."

हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा हसले. त्यानंतर त्यांनी टाचणीला बाकाजवळ फिरकू दिलं नाही. मऊ कातडं स्वतः निवडलं, स्वतः कापलं. हात थरथरायचे, मग ते थांबायचे, हात मांडीखाली दाबून बसायचे, थरथर थांबली की पुन्हा टाका घालायचे. एका टाक्याला एरवीच्या दहा टाक्यांचा वेळ. "मी शिवू का?" असं तिनं विचारलं, की "तुझ्या आत्याचे आहेत, तुझे नाहीत," म्हणून उडवून लावायचे. तिच्या मनात धाकधूक होती. डॉक्टरांना विचारून आली, ते म्हणाले, करू द्या. मधूनच ते बोलायचे, हातातलं काम न सोडता. ती आली की कुठं बसवायचं. खुर्ची मोडकी आहे, न्हाव्याकडून चांगली आण. लोकांचे टाकलेले बूट मला मिळायचे ते तिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. सांगून झालंय, असं टाचणी म्हणाली नाही.

डावा बूट तयार झाला. त्यांनी तो खिडकीत ठेवला आणि दिवसभर येता-जाता बघत राहिले. उजव्याचं कातडं तिच्या मापाच्या नव्या कलबुतावर ताणून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी एका गिऱ्हाईकाला सोलवरून झापत होती, तेव्हा बाकावरून हातोडी खाली पडल्याचा आवाज आला. तिनं वळून न बघताच "पायावर पडली नाही ना?" असं विचारलं. उत्तर आलं नाही.

फोन तिनंच केला. आत्याच्या मुलानं तो आईला दिला.

आत्या संध्याकाळच्या आत आली. मुलाचा हात धरून, ढगळ सपाता घालून, त्याच दारातून. न्हाव्याची चांगली खुर्ची खोलीत मांडलेली होती, ती तिनं बघितलीही नाही. गल्लीतली चार माणसं बाजूला झाली. तिनं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण फार वेळ नाही. आपला स्वतःचाच चेहरा असा बघणं कोणाला झेपेल? मग ती खाटेच्या कडेला पायथ्याशी बसली आणि तिनं चादर सरकवली.

डाव्या पायाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. आत्यानं ती दोन बोटांत धरली.

"हा तो फुगवटा," ती मुलाला म्हणाली. "ह्याच पायाचे बूट घालून मी मोठी झाले."

टाचणीला काय करावं ते सुचेना. हातांना काहीतरी लागतं म्हणून ती उठली, खिडकीतला डावा बूट घेऊन आली आणि आत्याच्या समोर जमिनीवर बसली. आत्याच्या सपाता काढून तिनं तिचा डावा पाय बुटात घातला, बक्कल लावलं, आणि सवयीनं अंगठ्यानं पुढचा भाग दाबून बघितला, मग टाच, मग बाजू. कुठं सुरकुती नव्हती, कुठं जागा उरली नव्हती.

"बसला?" तिनं विचारलं. गिऱ्हाईकाला विचारतात तसं, तोंडातून निघून गेलं.

"बसला गं. अगदी माझाच." आत्यानं वाकून करंगळीपाशी हात लावला. तिथलं कातडं सपाट होतं, पायाला चिकटून बसलेलं. तिनं तिथं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

"तेवढा फुगवटा ठेवायला हवा होता त्यानं," ती म्हणाली आणि भावाच्या पायावर डोकं ठेवून रडू लागली.